गुडघा 'आतून' दुखतो म्हणजे नेमका कुठे?

मृदुल: जुनाट गुडघेदुखीची एक प्रश्नावली मराठीत आणतेय. रुग्ण दुखरी जागा सांगणार, विचारणारा ती चित्रावर खूण करून नोंदवणार. दुसऱ्या गुडघ्याकडे असते त्या बाजूला मी 'आतली बाजू' लिहिलं. एक काकू म्हणाल्या, "हो, आतूनच दुखतं," आणि बोट ठेवलं थेट वाटीवर. त्यांना 'खोल, सांध्यात' म्हणायचं होतं. दुसरा शब्द सुचवा.

तात्या: परिभाषेत आतल्या बाजूला 'अभिमध्य' आणि बाहेरच्या बाजूला 'पार्श्व' आहेत की. वापरले की रुळतात.

खोडसाळ: 'पार्श्व बाजूला दुखतं का?' असं विचारून बघा. लोक गुडघा सोडून भलतंच दाखवतील.

तात्या: पार्श्व म्हणजे कूस, बगल. 'पार्श्वभागा'ची वाट लोकांनी लावली, त्याला शब्द काय करणार?

फिजिओवाली: अभिमध्य म्हटलं तर रुग्ण 'हो हो' म्हणून मोकळा होतो, ते जास्त धोक्याचं. मी म्हणते, "एका बोटाने दाखवा." बोट एका जागी टेकलं तर दुखणं तेवढ्यापुरतं, तळवा फिरला तर त्या भागाचं, दोन्ही हातांनी गुडघा कवटाळला तर सगळीकडचं. ही पद्धतही लिहून ठेवायची. डावा-उजवा वेगळा. शिवाय बोट सांध्याच्या रेघेवर आहे की तिच्याखाली दोन-तीन बोटं, हेही बघा. खालचं दुखणं सांध्याचं नसून तिथल्या स्नायूंच्या दोऱ्यांचं असू शकतं. खुब्याचं दुखणं कधीकधी गुडघ्यातच जाणवतं, म्हणून चित्रात मांडी आणि खुबाही हवा.

मृदुल: पटलं. पण निम्मे लोक फोनवर असणार. तिथे बोट कसं दिसेल?

अवली: 'दोन्ही गुडघे जुळवले की एकमेकांना टेकते ती बाजू' असं लिहा. लांब आहे, पण चुकणार नाही.

खोडसाळ: ज्यांचे पाय धनुकलीसारखे बाकले आहेत त्यांचे गुडघे टेकतच नाहीत. आणि जुन्या गुडघेदुखीत असे पाय पुष्कळ.

सुमन: मागच्या बाजूला 'लवण' लिहा, किती नेमका शब्द! आजी म्हणायची, "लवणीत कळ आली." तिथली ती लवणशीर.

तात्या: लवण म्हणजे मीठ.

सुमन: ते संस्कृत लवण. हे 'लवणे'वरून, पाय जिथे लवतो ती जागा. शुद्धतेच्या नादात घरचे शब्द हाकलू नका.

फिजिओवाली: माझ्या तरुण रुग्णांना लवण कळत नाही. 'गुडघ्यामागचा खळगा' कळतो.

अवली: या सगळ्यात 'ढोपर' कसं आलं नाही? आमच्याकडे गुडघ्याला ढोपरच म्हणतात.

खोडसाळ: छे! ढोपर म्हणजे हाताचं कोपर. लहानपणी खरचटायचं ते ढोपर.

अवली: तुमचं काय काय खरचटायचं ते तुम्हालाच ठाऊक. 'ढोपरभर चिखल' कधी ऐकलं नाहीत का? तो काय हातापर्यंत येतो?

मृदुल: अहो, फोनचं...

तात्या: थांबा, हे मजेशीर आहे. कोपर आलं 'कूर्पर'वरून, आणि संस्कृत कोशांत कूर्पर मुख्यतः कोपर, पण क्वचित गुडघाही! म्हणजे हा घोळ आपला एकट्याचा नाही. 'ढो' कुठून आला ते मात्र सांगा कुणीतरी.

सुमन: 'ढोपरणे' असंही क्रियापद आहे ना? झोडपणे या अर्थी?

खोडसाळ: ते ढोपराने करायचं की हाताने?