मदत हवी आहे: कंपनीचा मॅचिंग फंड आणि गावातली नोंदणी नसलेली अभ्यासिका

बोरीबाभळ (धागाकर्ती)

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचते, लिहिते कमी. आज अडले आहे म्हणून धागा काढला. जरा सविस्तर लिहिते, अर्धवट सांगितलं तर उत्तरही अर्धवटच मिळेल.

मी हिंजवडीत एका आयटी कंपनीत नोकरी करते. माझं गाव बीड जिल्ह्यात, शिरूर कासार तालुक्यात. दसरा-दिवाळी झाली की आमच्या गावातून कोयते निघतात. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ऊसतोडीला जाणारी नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत फडावर राबायचं.) मग चैत्रापर्यंत गाव म्हाताऱ्यांचं आणि लेकरांचं. तान्ही आणि अगदी लहान लेकरं आईबापाबरोबर जातात, जरा मोठी आजीजवळ मागे राहतात. शाळेत हंगामी वसतिगृहाची सरकारी योजना चालते, त्यातून जेवणाची सोय होते. पण संध्याकाळी अंधार पडल्यापासून झोपेपर्यंत अभ्यासाला बसवणारं कुणी नसतं. आजीला स्वतःचं नाव लिहिता येत नाही, ती काय करणार?

माझा धाकटा भाऊ आणि त्याचे तीन मित्र चार वर्षांपासून समाजमंदिरात रोज संध्याकाळी अभ्यासिका चालवतात. गेल्या हंगामात ४२ मुलं येत होती. गावातल्याच डी.एड. झालेल्या दोन मुली शिकवतात. गेल्या वर्षी सहावीतल्या एका मुलीच्या आईने फडावरून मुकादमाच्या वहीच्या पानाचा फोटो पाठवला. किती टन तोड झाली, उचलीतून किती वळते झाले, हे सगळं त्या लेकराने फोनवरून आईबापाला वाचून, बेरीज करून सांगितलं. भावाने मला हे सांगितलं त्या दिवसापासून ही अभ्यासिका बंद पडू द्यायची नाही असं मी ठरवलं.

यंदाचा खर्च साधारण एक लाख आहे. दोघींना महिना पाच हजारांप्रमाणे सहा महिन्यांचे ६०,०००, इन्व्हर्टर आणि बॅटरीचे २४,०००, वह्या-पुस्तकं-सतरंज्यांचे १६,०००. आजवर भाऊ आणि मित्र खिशातून भागवत होते, पण यंदा कपाशी गेली, त्यांच्याकडे काही उरलेलं नाही.

आमच्या कंपनीत कर्मचाऱ्यांच्या समाजकार्यासाठी एक फंड आहे. आपण एखाद्या चांगल्या कामासाठी पैसे जमवले की तेवढेच कंपनी घालते, एका कर्मचाऱ्यामागे वर्षाला ५०,००० पर्यंत. शिवाय वर्षात ४० तास स्वयंसेवा केली तर त्या कामाला आणखी १०,००० देतात. म्हणून मी ऑफिसच्या ग्रुपवर आवाहन केलं. ३१ जणांनी माझ्या यूपीआयवर एकूण ३८,४०० रुपये पाठवले. एकेकाने आपुलकीने चौकशी केली, आठ जण शिकवायला यायलाही तयार झाले.

मग मी फंडाचा अर्ज उघडला. त्यात संस्थेचं नाव, १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफीची नोंदणी), ८०जी (देणगीदाराला करसवलतीची नोंदणी), सीएसआर (म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यावर करायचा खर्च) नोंदणी क्रमांक आणि देणगीच्या पावत्या मागितल्या आहेत. आमची तर संस्थाच नाही! चार पोरं आहेत आणि समाजमंदिराची किल्ली आहे. अर्जाची मुदत ऑक्टोबरअखेर आहे.

माझे प्रश्न:
१. आता घाईने ट्रस्ट नोंदवला तर चालेल का?
२. दुसऱ्या एखाद्या संस्थेमार्फत पैसे घेता येतात का? त्यात काही धोका?
३. माझ्या खात्यात आलेल्या पैशांचं काय करू? ते मी वेगळे ठेवलेत, एक रुपयाही खर्च केलेला नाही. पण रात्री झोप लागत नाही.

---

हिशेबवही

ताई, मी सीए आहे. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो कारण ते तातडीचं आहे. आज, आत्ता, तुमच्या खात्यावर पैसे घेणं थांबवा.

नात्याबाहेरच्या लोकांकडून एका आर्थिक वर्षात मिळालेली एकूण रक्कम ५०,००० च्या वर गेली की ती सगळीच रक्कम तुमचं उत्पन्न धरली जाऊ शकते, फक्त वरची नाही. तुम्ही म्हणाल, मी ते दुसऱ्यांसाठी घेतले होते. खरं आहे, पण ते सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर येतं. तुम्ही ३८,४०० वर आहात आणि ध्येय ५०,००० चं आहे, म्हणजे अगदी काठावर.

दुसरं, तुम्ही ही सगळी रक्कम एखाद्या संस्थेला एकगठ्ठा दिलीत तर पावती तुमच्या एकटीच्या नावाने निघेल. ज्या ३१ जणांनी दिले त्यांची नावं कुठेच येणार नाहीत. संस्थेला दरवर्षी देणगीदारांचं विवरण पॅनसह आयकर विभागाकडे भरावं लागतं आणि त्यावरून प्रत्येकाला देणगीचं प्रमाणपत्र मिळतं. ते नसेल तर ८०जीची वजावट मागता येत नाही. त्यामुळे स्वच्छ मार्ग एकच: ज्याचे त्याला परत करा आणि प्रत्येकाला थेट संस्थेच्या खात्यात भरायला सांगा. वेळखाऊ आहे, पण करा.

करसवलतीचं आमिष मात्र कुणाला दाखवू नका. नवीन करप्रणाली घेतलेल्यांना ८०जीची वजावट मिळतच नाही, आणि तुमच्या ऑफिसातली बरीच तरुण मंडळी त्यातच असतील. २,००० च्या वर रोखीने दिलेल्या देणगीलाही ती नाही.

---

माळरान

आम्ही अहमदनगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) एक छोटा ट्रस्ट चालवतो, त्या अनुभवावरून लिहितो.

घाईने ट्रस्ट काढू नका. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातली नोंदणी, मग पॅन, बँक खातं, मग १२ए आणि ८०जीची तात्पुरती नोंदणी, हे सगळं ऑक्टोबरअखेर होणं अशक्य. आणि झालं तरी उपयोग नाही. सीएसआरचे पैसे बाहेरच्या संस्थेला द्यायचे तर तिला तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. तुमच्या भावाचा अनुभव चार वर्षांचा आहे, पण कागदावर तो कुणाचाच नाही. अशा वेळी वाईट वाटतं, मलाही वाटलं होतं.

नोंदणी नसताना लोकांकडून पैसे गोळा करण्यालाही आपल्याकडे नियम आहे. गणपती मंडळं वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांची परवानगी काढतात ना, ते महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं कलम ४१ क. ते फक्त मंडळांसाठी नाही.

तुमच्यासाठी योग्य वाट म्हणजे परिसरातली एखादी जुनी, शिक्षणाचं काम करणारी संस्था. पण नीट समजून घ्या: संस्थेने पैसे घेऊन तुमच्या भावाच्या हातात द्यायचे, असं करू नका. नुसतं नाव वापरू देणारी संस्था भेटली तर तिच्यापासून लांबच राहा. संस्थेने अभ्यासिका स्वतःचा उपक्रम म्हणून स्वीकारायला हवी. विश्वस्तांच्या बैठकीत तसा ठराव, हिशेबात वेगळं खातं, शिकवणाऱ्या दोघींचं मानधन संस्थेच्या खात्यातून थेट त्यांच्या खात्यात, इन्व्हर्टरचं बिल संस्थेच्या नावाने. भाऊ आणि मित्र ही त्या उपक्रमाची स्थानिक समिती.

संस्था निवडताना तीन वर्षांचे ऑडिट बघा आणि शेड्यूल एकचा (धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्तांच्या नोंदीचा) उतारा मागा. आज जे सह्या करतात त्यांची नावं त्यावर आहेत का? पुष्कळ संस्थांचे चेंज रिपोर्ट (विश्वस्त बदलल्याचे अर्ज) वर्षानुवर्षं प्रलंबित असतात. बँकेत किंवा कंपनीच्या पडताळणीत गाडी तिथेच अडते.

---

दुपारची पाळी

मी एका उत्पादन कंपनीच्या समाजकार्य विभागात काम करते. बोरीबाभळ, तुमच्या फंडातला पैसा कुठल्या खिशातून येतो हे आधी विचारा. नाव एकच असलं तरी तीन वेगळे प्रकार असतात.

पहिला, सीएसआरचा पैसा. ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी यापैकी एक तरी आहे, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५. यातून द्यायचं तर संस्थेची सीएसआर-१ नोंदणी लागतेच, तिथे आमच्यासारख्यांच्या हातात काही नसतं. दुसरा, कंपनीने सीएसआरच्या बाहेर स्वतःहून ठेवलेला पैसा. यात नियम कंपनीचे, त्यामुळे कधी कधी सवलत मिळते. विचारायला लाजू नका. तिसरा, परदेशातल्या मूळ कंपनीकडून किंवा तिच्या फाउंडेशनकडून येणारा पैसा. तो घ्यायला संस्थेकडे एफसीआरए (परदेशी देणगी घेण्याची सरकारी नोंदणी) हवं, आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत त्यासाठीचं खातं हवं. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा एका संस्थेने दुसरीला देणंही बंद झालं आहे. तालुक्यातल्या संस्थेकडे हे सगळं असणं अवघडच.

आणखी एक. कंपनी तुमच्या खिशातल्या देणगीला जोड देते की तुम्ही जमवलेल्या रकमेला, हे लेखी विचारा. आमच्याकडे सुरुवातीला यावरून फार गोंधळ झाला होता. मुंबई मॅरेथॉनमध्ये धावणारे लोक संस्थांसाठी पैसे उभे करतात, पण धावणाऱ्याच्या हातात पैसा येत नाही, देणगीदार थेट संस्थेच्या नावाने भरतो. तसंच ऑनलाइन देणगीचं पान संस्थेकडून तयार करून घ्या म्हणजे कुणाच्या आवाहनामुळे किती आले हे कंपनीला दाखवता येईल.

४० तासांचं म्हणाल तर कर्मचाऱ्यांच्या वेळेची किंमत लावून ती सीएसआर खर्चात धरता येत नाही. पण तासांच्या बदल्यात संस्थेला थेट देणगी देणं वेगळं. हजेरीची वही ठेवा, तारीख-वेळ-काम लिहा, संस्थेची सही घ्या. प्रवासाचा वेळ बहुतेक ठिकाणी धरत नाहीत.

---

थेम्सकाठ

मी लंडनजवळ राहते, माहेर परळीचं. इथे गिफ्ट एड म्हणून सोय आहे: करदात्याने नोंदणीकृत संस्थेला एक पौंड दिला की सरकार त्यावर २५ पेन्स संस्थेला देतं. माझी कंपनीही जमवलेल्या पैशाला जोड देते. मला या लेकरांसाठी द्यायचं आहे. पासपोर्ट अजून भारताचाच आहे. कसं देऊ?

---

हिशेबवही

थेम्सकाठ ताई, पासपोर्ट भारतीय आहे तर तुमच्या स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी योगदान धरत नाहीत, संस्थेला एफसीआरए नसलं तरी घेता येते. पासपोर्टची प्रत मात्र संस्थेला द्या. ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेले मूळचे भारतीय) असतात त्यांना हे लागू नाही, ते परदेशी स्रोत मानले जातात. तुमच्या कंपनीची जोडही परदेशीच, तिला एफसीआरए लागेल. तेव्हा तुमचे तुम्ही द्या, कंपनीचं सोडा. गिफ्ट एडही तिथल्या संस्थेमार्फत दिलं तरच मिळतं.

---

पाऊलखुण

मी दर शनिवारी एका वस्तीवर गणित शिकवतो. तुमच्या आठ सहकाऱ्यांबद्दल थोडं बोलू का?

कोयते निघतात त्या आठवड्यात त्यांना नेऊ नका. आईबाप ट्रकमध्ये चढताना बघून लेकरं आधीच कोलमडलेली असतात. त्यांना तेव्हा अनोळखी माणसं नकोत आणि कंपनीचे टी-शर्ट घातलेली तर मुळीच नकोत. दोन-तीन आठवडे जाऊ द्या. शिकवणाऱ्या दोघीच मुख्य, बाकीच्यांनी त्यांच्या हाताखाली काम करायचं. एकदाच गाडी भरून जाण्यापेक्षा एका माणसाने दर बुधवारी फोनवरून त्याच पाच मुलांना अर्धा तास वाचून दाखवणं मोलाचं आहे. ते तास कंपनी धरते का विचारा, आमची धरते.

लेकरांचे फोटो कंपनीच्या पानावर टाकायचे असतील तर फडावर फोन करून आईबापांना विचारा. आजीने मान डोलावली म्हणजे परवानगी नव्हे.

---

बोरीबाभळ (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवसांत काय झालं ते सांगते.

पैसे परत करायला सुरुवात केली. ३१ पैकी २६ जणांना पाठवले, सोबत कारणही लिहिलं. कुणीही रागावलं नाही. उरलेल्या पाच जणांचं उद्या करते. हिशेबवही दादा, काल रात्री झोप लागली.

फंडाच्या टीमला लेखी विचारलं. पैसा सीएसआरचाच आहे, जमवलेल्या रकमेलाही जोड मिळते, फोनवर शिकवलेले तास धरतात, प्रवासाचे नाही.

संस्थेचं मात्र अवघड गेलं. भावाचे मित्र आधी तयारच होईनात. चार वर्षं आपण केलं, आता पाटी दुसऱ्याची लागणार, असं एक जण म्हणाला आणि उठून गेला. त्याचं चुकलं असं मला म्हणवत नाही. आमच्याकडे बऱ्याच संस्थांमागे कुणीतरी पुढारी असतो, त्याची भीतीही होतीच. शेवटी शेजारच्या तालुक्यातली एक संस्था सापडली. निवृत्त शिक्षकांनी चालवलेली, १२ए, ८०जी आणि सीएसआर-१ तिन्ही आहे. ऑडिट दाखवायला ते स्वतःहून तयार झाले. शेड्यूल एकचा उतारा रविवारी बघणार आहे. त्यांच्या सरांनी भावाला फोन करून सांगितलं, पाटीवर अभ्यासिकेचं नाव तुम्ही ठेवलंय तेच राहील. त्यानंतर उठून गेलेला मित्रही रविवारी येतो म्हणाला आहे.

माळरान काका, एक विनंती. संस्था आणि स्थानिक समिती यांच्यात काम कसं वाटून घ्यायचं, किल्ली कुणाकडे, मानधन कुठल्या तारखेला, हंगाम संपल्यावर इन्व्हर्टर कुठे राहणार, हे सगळं मला रविवारीच लिहून घ्यायचं आहे. तुमच्या ट्रस्टने असा ठराव किंवा करारनामा कधी केला असेल तर नावं खोडून त्याचा नमुना द्याल का?

---

माळरान

देतो. दोन पानी आहे, साध्या मराठीत. आज रात्री व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. इन्व्हर्टरचा मुद्दा आमच्या ठरावात नव्हता, त्यावरून पुढे भांडण झालं होतं. तो तुम्ही जरूर घाला.