किनारी वाहतूक आपल्याच जहाजांना राखीव हवी की खुली?

रंकाळाकाठ:
५ एप्रिलच्या सागरी दिनाला सगळीकडे एकच गोष्ट सांगतात: १९१९ साली सिंदिया कंपनीची 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाली. बोट ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून घेतलेली, कंपनीमागे नरोत्तम मोरारजी आणि सोलापूरचे वालचंद हिराचंद. पण सिंदियाची खरी झुंज आपल्याच किनाऱ्यावर झाली. ब्रिटिश इंडिया या इंग्रजी जहाज कंपनीने भाडी पाडून तिला जेरीस आणलं आणि १९२३ च्या करारात त्या इंग्रजी कंपनीच्या प्रमुख लॉर्ड इंचकेपने सिंदियाला हिंदुस्थान, ब्रह्मदेश, सिलोनच्या किनाऱ्यापुरतं बांधून घातलं. आपल्या समुद्रात आपण किती जहाजं चालवायची हे परक्याने ठरवायचं! किनारा देशी जहाजांना राखण्याचा हक्क स्वातंत्र्यानंतर मिळाला. २०१८ मध्ये आयात-निर्यातीच्या कंटेनरपुरता तो पुन्हा सैल केला, परक्या जहाजांनाही मुभा दिली. माझ्या मते चुकलं. तुम्हाला काय वाटतं?

शिरोलीकर:
साफ असहमत. आमचं कास्टिंग ट्रेलरने न्हावा शेव्याला जातं, घाट, टोल, डिझेल सगळं आमच्या माथी. देशातले कितीतरी कंटेनर कोलंबोत मोठ्या जहाजावर चढतात. ते काम कोचीला झालं तर वाईट काय? आणि किनारा राखीव होता तेव्हाच कोकणची आगबोट बंद पडली ना?

देवगडकर:
शिरोलीकर, आगबोट राखीव किनाऱ्यामुळे नाही बुडाली. आमच्याकडे बोट खोल पाण्यात थांबायची, माणसं, आंब्याच्या पेट्या पडावातून हेलकावे खात काठाला यायच्या. पावसाळ्यात फेऱ्या बंद. धक्के बांधले नाहीत, खाड्यांतला गाळ काढला नाही, मग एसटी सोयीची झाली. दोष बंदरांकडे पाठ फिरवणाऱ्यांचा आहे.

पन्हाळकर:
१६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यात पन्हाळ्यावर तोफा डागायला राजापूरच्या वखारीतले इंग्रज आले होते. व्यापारी म्हणवणारेच. पुढच्या वर्षी महाराजांनी राजापूर लुटलं ते उगाच नाही. बंदरावर कोण बसलंय याची झळ घाटावर लागते.

शिरोलीकर:
पन्हाळकर, इतिहास मान्य, पण तो वेढा होता, हे भाडं आहे. एक कंपनी महाग वाटली तर दुसरीकडे जाऊ.

रंकाळाकाठ:
कुठे जाल? २०२१ मध्ये कंटेनर मिळत नव्हते, भाडी कैक पटींनी चढली होती. माल गोडाऊनमध्ये पडून. त्या बड्या कंपन्यांत आपली एकही नव्हती. इंचकेपच्या काळात भाडी पाडून मारलं, आता चढवून.

शिरोलीकर:
२०२१ चा चटका आम्हीही सोसलाय, ते नाकारत नाही. तरी माल अडवून धरणारी सक्ती नको. जहाज घ्यायला आणि बांधायला स्वस्त कर्ज द्या. सिंदियाने १९४१ मध्ये विशाखापट्टणमला गोदी बांधायला घेतली, १९४८ मध्ये तिथूनच 'जलउषा' पाण्यात उतरली. कायद्याची वाट बघत बसले नव्हते ते.

देवगडकर:
कर्ज द्याच, पण आधी आमच्या खाडीतला गाळ काढा. जहाज लागणार कुठे?