'जेवली का'वर चालते का तुमचं प्रेम?

पऱ्हाटीवाला, दारव्हा: काल इथं एकानं लिवलं, "मोबाइलवरचं प्रेम म्हणजे रिकामे धंदे, भेटल्याबिगर माणूस कळत नाई." डोस्कं फिरलं वाचून. बावा, सोयरीक जमल्यावर आम्ही लग्नापर्यंत फोनवरच होतो. ती पुसदले, मी इथं. पाहाले गेलो तवा ती पोह्याच्या प्लेटकडं पाहे, मी फरशीकडं. भोवताल सारे मामा-काका. काय कळलं त्यात? रात्री ओलिताले गेलो का मोटर चालू करून धुऱ्यावर बसो अन् व्हॉइस मेसेज पाठवो. सोसायटीचं कर्ज थकलं हाय, हे तिले तसंच सांगतलं. तोंडावर जमलंच नसतं.

संत्रावाला, वरुड: अन् तिनं सांगतलं ते खरं कशावरून? माह्या मावसभावाले एकीनं दुसरीचेच फोटो पाठवले. रिचार्ज यानं मारले. व्हिडिओ कॉल म्हटलं का तिकडं नेटवर्क नाई!

निवृत्त मास्तर, दर्यापूर: संवादाचा अभ्यास करणारे अमेरिकन प्राध्यापक जोसेफ वॉल्थर यांनी 1996 मध्ये हेच मांडलं. समोर नसलेला माणूस निवडून, शब्द जुळवून सांगतो. ऐकणारा उरलेलं मनानेच भरतो. त्यामुळे कधी कधी प्रत्यक्षापेक्षा जास्त जवळीक वाटते. म्हणजे दोघंही बरोबर.

संत्रावाला: मास्तर, दोघाईले पास करून मोकळे झाले!

लेक यवतमाळची: 2014 मध्ये व्हॉट्सॲपनं मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा आणल्या अन् भांडणं लावली. माहा नवरा वाचून गप्प बसे. मी रडो. मंग समजलं, वेचणीचे दिवस, हात रिकामा कुठं? आता तो "वावरात हाव" एवढंच लिवते. मले पुरते तेवढं.

पऱ्हाटीवाला: ताई, रातची लाइन देणाऱ्याइले विचारा! आठवडाभर दिवसा, आठवडाभर रात्री. साप-इच्चवात उभं रायचं, अन् पोरीवाले म्हणते, शेतकरी नवरा नको. वाशीमले चपराशी चालते, पण बागायतदार नाई!

लेक यवतमाळची: मंग पोरीले कायले शिव्या देता? सातबाऱ्यावर बायकोचं नाव चढवता का? घरी संडास नसलं तरी सून पायजे.

पऱ्हाटीवाला: आमच्या घरी हाय संडास! न पाहता बोलू नका.

निवृत्त मास्तर: मूळ विषय प्रेमाचा होता.

लेक यवतमाळची: हाच विषय हाय, मास्तर. पोरगी चॅटवर हेच विचारते. पोट्टा तिथं गुलाबाचे फोटो पाठवते.

संत्रावाला: बरं बाप्पा, दारव्हेकराचं जमलं, मान्य. पण मावसभावाचे रिचार्जचे पैसे कोण देईन?

लेक यवतमाळची: दुसरीशी बोलून रायला का तो? मंग पयले व्हिडिओ कॉल कर म्हणा, रिचार्ज मंग.