नवी साइट तयार करताना कॉन्फिगरेशन फाइल अर्धवट वाचली जाते

प्रश्नकर्ता (राजारामपुरी, कोल्हापूर):
नमस्कार. उद्यमनगरातील काही फाउंड्र्यांच्या वेबसाइट आम्ही एकाच सर्व्हरवर एनजिनएक्स या वेब सर्व्हर सॉफ्टवेअरद्वारे चालवतो. नवी साइट नोंदवली की आमची स्क्रिप्ट तिची कॉन्फिगरेशन फाइल (साइटच्या सेटिंगची फाइल) लिहून सर्व्हर रीलोड करते, म्हणजे तो बंद न करता नव्या फाइल वाचायला लावते. काल दोन नोंदी एकदमच आल्या, एक फाइल अर्धवट असतानाच रीलोड झाले आणि दोन्ही नव्या साइट सुरू झाल्या नाहीत. जुन्या मात्र चालू राहिल्या. हे कसे टाळावे?

उत्तर १:
रीलोडच्या वेळी नव्या कॉन्फिगरेशनमध्ये चूक आढळल्यास एनजिनएक्स जुनेच वापरत राहतो, म्हणून आपण बचावलात. त्याच अवस्थेत सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला असता, तर एकही साइट उठली नसती. फाइल थेट अंतिम नावाने लिहू नये. ती त्याच फाइल सिस्टिमवर तात्पुरत्या नावाने पूर्ण लिहावी आणि मग नाव बदलावे. नाव बदलण्याची क्रिया अखंड, म्हणजे एका झटक्यात होणारी, असल्याने वाचणाऱ्याला अर्धी फाइल दिसतच नाही.

उत्तर २:
वरील उपाय योग्य आहे, पण तात्पुरती फाइल चालू साइटच्या फोल्डरात ठेवू नका. डेबियन या लिनक्स प्रणालीच्या मूळ मांडणीत त्या फोल्डरातील, ठिपक्याने सुरू होणाऱ्या सोडून, सर्व फाइल वाचल्या जातात. (एडिटरने मागे सोडलेल्या बॅकअप फाइलपायी माझी एक संध्याकाळ गेली आहे.) शिवाय लिहिणे, तपासणे आणि रीलोड करणे हे तिन्ही एकाच कुलपाखाली (एका वेळी एकच नोंद पुढे जाईल असे), म्हणजे फ्लॉक ही लिनक्सवरील कुलूप लावणारी आज्ञा वापरून करा, आणि तपासणी फसल्यास नवी फाइल काढून टाका.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. कुलपाचा विचारच केला नव्हता. आज रात्री चाचणी सर्व्हरवर करून पाहतो.