जुन्या गोव्याचं संग्रहालय आठवीच्या मुलांना दाखवायचंय – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी सावंतवाडी तालुक्यात इतिहास शिकवते. डिसेंबरात आठवीच्या ३४ मुलांना जुन्या गोव्याला न्यायचंय. चर्चेस सगळेच बघतात. मला सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चला लागून, जुन्या मठात असलेलं पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय निवांत दाखवायचंय.

आमच्या देवळामागे एक वीरगळ आहे, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, तेल पिऊन काळाकुट्ट झालेला. पोरं त्याला सायकली टेकवायची. एकदा वर्ग तिथंच भरवला. खाली लढाई, मधे अप्सरा वीराला घेऊन निघाल्यात, वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलाय. एका मुलीनं बोटांनी चाचपत विचारलं, "बाई, एकच माणूस तीनदा कशाला कोरलाय?" त्या दिवसापासून सायकली पलीकडे लागतात.

संग्रहालयात गोव्याच्या कदंब राजांच्या काळातले वीरगळ आहेत, त्यात होड्यांवरच्या लढाईचेही. गोपकपट्टण हे कदंबांचं बंदर. त्या लढाईच्या दगडावरची वल्ही मुलांनी डोळ्यांनी बघायला हवीत. मागच्या खेपेला घाईत मला तो दगड सापडलाच नाही. नेमका कुठल्या दालनात आहे? शेजारी मराठीत माहिती लिहिलीय का?

दुसरी अडचण मोठी आहे. तिथं गोवा जिंकणाऱ्या आल्बुकर्कचा पुतळा आहे आणि पोर्तुगीज गव्हर्नर-व्हाइसरॉयांच्या चित्रांचं दालन. १५१० ते १९६१, चार शतकांहून जास्त काळ. मुलांच्या मनात फक्त ते भरजरी अंगरखे राहू नयेत. म्हणून जाताना आधी पत्रादेवीच्या हुतात्मा स्मारकाशी थांबायचं ठरवलंय. १५ ऑगस्ट १९५५ ला तिथं गोवामुक्तीसाठी आलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. माझं आजोळ तिथून जवळच्याच बांद्याचं. सत्याग्रहींसाठी चुलीवर पेजेचं मोठं टोप असायचं, असं आजी सांगायची. हे मी गाडीतच सांगणार आहे.

आग्वादच्या तुरुंगातलं स्वातंत्र्यसैनिकांचं संग्रहालयही त्याच दिवशी बसेल का? सकाळी सहाला निघू, मुक्काम करायचा नाही. शुक्रवारी जुन्या गोव्याचं संग्रहालय बंद असतं, तेवढा वार टाळलाय. शाळेचं पत्र आधी पाठवलं तर तिथलं कुणी मुलांशी बोलतं का?

आणि जाणकारांनी हेही सांगा: आमच्या वीरगळावरचं तेलाचं किटण कसं काढावं? गावकरी चिंच-राख घेऊन घासायला तयार आहेत. कोरीव काम झिजेल या भीतीनं मी सध्या थांबवून धरलंय.