प्रतिसाद: सर्प म्हणजे फक्त वासना?

वर एकांनी मानसशास्त्रज्ञ फ्रॉइडच्या चौकटीतून लिहिलंय की योगातला सर्प म्हणजे दडपलेली कामवासना. एवढ्यावर भागत नाही. ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय काढून बघा. माउलींची कुंडलिनी (योगात शरीरात सुप्त मानलेली शक्ती) म्हणजे कुंकवाने न्हालेलं नागाचं पिल्लू, साडेतीन वेटोळी घालून, तोंड खाली करून निजलेलं. वज्रासनाच्या चिमट्याने ती जागी होते आणि जागी होते ती भुकेलेलीच! आधी हृदयाखालचा वारा, मग मांस, मग अंगातली पृथ्वी आणि पाणी ही दोन तत्त्वं खाऊन टाकते. पोट भरल्यावर जे गरळ ओकते, त्याच अमृतावर प्राण जगतो. विषाचं हे असं रूपांतर वासनेच्या चौकटीत कुठे बसवणार? शेवटी तिचं 'कुंडलिनी' हे नावही गळतं, ती मारुत, म्हणजे वारा, होते. मात्र शिवात मिळेपर्यंत शक्तिपण उरतंच.

हठयोगप्रदीपिका या योगग्रंथाच्या तिसऱ्या उपदेशाची (प्रकरणाची) सुरुवात तर आधाराच्या कल्पनेने होते: शेषनाग जसा डोंगर-वनांसह पृथ्वीला पेलतो, तशी कुंडली (कुंडलिनीच) सगळ्या योगाला. योगसूत्रकार पतंजलींना शेषाचा अवतार मानतात तेही याच्याशी जुळतं.

दुसरीकडे महाभारतात जनमेजय सर्पसत्र, म्हणजे सापांची आहुती देणारा यज्ञ, मांडतो, तिथे साप चक्क वैरी आहेत. पण ते सत्र थांबवणारा आस्तीक नागकन्येचाच मुलगा. आणि आपल्याकडे नागपंचमीला बायका नागाला भाऊ मानून पूजतात. त्या दिवशी चिरणं-कापणं, जमीन खणणं बंद. (विळी विसावते, पुरणाची दिंडं मात्र हवीतच.)

फ्रॉइडला यातलं काय काय लागू पडतं, ते मूळ प्रतिसादकर्त्यांनीच सांगावं.