पासथ्रूच्या व्हीएमला मेमलॉक किती: हिशोब मांडायचा की ‘अनलिमिटेड’ टाकून मोकळं व्हायचं?

राजवाडा_टर्मिनल (इंदूर)
एकाच होस्टला (प्रत्यक्ष मशीनला) दोन-तीन ग्राफिक्स कार्डं लावून ती व्हीएमना, म्हणजे त्यात चालणाऱ्या आभासी मशीनना (गेस्टना), थेट वाटून देणारे (पासथ्रू करणारे) आपल्यात बरेच आहेत. ‘व्हीएम सुरूच होत नाही, कॅनॉट अलोकेट मेमरी येतंय’ असं कुणी विचारलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं: मेमलॉक (प्रक्रियेने किती मेमरी रॅममध्ये अडकवून ठेवायची याची मर्यादा) अनलिमिटेड करा. हा सल्ला देणं थांबवावं असं मला ठामपणे वाटतं. आकडा काढता येतो, मग काढावा.

पासथ्रू केलेलं कार्ड गेस्टच्या मेमरीत थेट डीएमए करतं (प्रोसेसरला मध्ये न घेता वाचतं-लिहितं). ते कुठल्या पेजला हात लावेल हे होस्टला आधी कळत नाही, म्हणून व्हीएफआयओ (कर्नलमधली पासथ्रूची व्यवस्था) गेस्टची सगळी रॅम पिन करून ठेवतं, म्हणजे जागेवरून हलू देत नाही. पिन झालेलं प्रत्येक पेज क्यूइमूच्या (व्हीएम चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) खात्यावर ‘लॉक्ड’ म्हणून चढतं. ती बेरीज मेमलॉकच्या मर्यादेपुढे गेली की पुढचं मॅपिंग नाकारलं जातं. कर्नलची मुळातली मर्यादा पूर्वी ६४ केबी होती, ५.१६ पासून ८ एमबी आहे. ३२ जीबीच्या व्हीएमसाठी दोन्ही सारख्याच निरुपयोगी. डीमेसगमध्ये (कर्नलच्या नोंदींत) ‘आरलिमिट मेमलॉक एक्सीडेड’ दिसलं तर दुखणं हेच, दुसरीकडे शोधू नका.

एक्स८६ वर लिबव्हर्टचं (व्हीएम सांभाळणाऱ्या साधनाचं) सूत्र आहे गेस्टची एकूण मेमरी अधिक १ जीबी (इथे सगळीकडे १०२४ च्या हिशोबातला जीबी). म्हणजे ३२ ला ३३. हाताने लिहिताना एककं सांभाळा: यूलिमिट ही आज्ञा आणि लिमिट्स डॉट कॉन्फ ही फाइल केबीत मोजतात, तिथे ३४६०३००८ लिहायचं. प्रोकमधल्या (चालू प्रक्रियांची माहिती देणाऱ्या फोल्डरमधल्या) लिमिट्स फाइलीत तोच आकडा बाइटमध्ये ३५४३३४८०१९२ असा दिसतो. सिस्टमडीच्या (सेवा चालवणाऱ्या व्यवस्थेच्या) युनिटमध्ये ‘३३जी’ एवढं पुरतं.

दांडियाबाजार_केव्हीएम (बडोदं)
सूत्र बरोबर, निष्कर्ष पटला नाही. तो १ जीबी मोजून काढलेला नाही, अंदाजाने ठेवलेली मोकळीक आहे. आणि सूत्र निघतं व्हीएमच्या व्याख्येतूनच (कॉन्फिगरेशनमधूनच). ६४ जीबीच्या होस्टवर कुणी चुकून ६० जीबीचा गेस्ट लिहिला तर लिबव्हर्ट निमूटपणे ६१ ची मर्यादा लावेल आणि होस्ट गुदमरेल. मग मर्यादेने वाचवलं कुणाला? होस्ट माझा, व्याख्या मीच लिहिलेल्या, आत परका कोणी नाही. तिथे अनलिमिटेडने काय बिघडतं?

राजवाडा_टर्मिनल
व्याख्येतली चूक मर्यादा पकडत नाही, हे मान्य. पण मर्यादा व्याख्येसाठी नसतेच, प्रक्रियेसाठी असते. गेस्टमधून क्यूइमू फोडलं गेलं, तर ती प्रक्रिया ३३ जीबीपर्यंतच पिन करू शकेल. अनलिमिटेड असेल तर होस्टची सगळी रॅम पिन करेल, आणि पिन केलेली रॅम स्वॅपलाही जात नाही. दुसरं, मर्यादेला धडकणं ही माहिती असते. काल चालणारी व्हीएम आज अडली, तर तिच्या रचनेत काहीतरी बदललंय. अनलिमिटेडमध्ये तो बदल कळतच नाही.

लष्कर_नोड (ग्वाल्हेर)
दोघेही एकाच कार्डाचा विचार करताय. गेस्टला व्हर्च्युअल आयओएमएमयू (उपकरणांचे मेमरी-पत्ते बदलून देणारा भाग) द्या, ३३ चा हिशोब तिथेच मोडतो.

एरवी गेस्टची सगळी व्हीएफआयओ उपकरणं एकच पत्ता-क्षेत्र वापरतात, म्हणून रॅम एकदाच मोजली जाते. इंटेल-आयओएमएमयू (याचाच एक प्रकार) कॅशिंग मोडसह लावला की प्रत्येक उपकरणाचं क्षेत्र वेगळं, कंटेनर (व्हीएफआयओचा मॅपिंगचा संच) वेगळा. गेस्ट बूट होऊन आपला आयओएमएमयू चालू करेपर्यंत प्रत्येक कंटेनर अख्खी रॅम मॅप करतो, आणि गेस्ट ‘आयओएमएमयू=पीटी’ वर (पत्ते न बदलता जाऊ देणाऱ्या मोडवर) असेल तर नंतरही तसंच राहतं. तीन उपकरणं, ३२ जीबी: ३ × ३२ + १ = ९७ जीबी. आणि होस्टमध्ये रॅम ६४!

हा आकडा पाहून लोक घाबरतात. घाबरू नका. प्रत्यक्ष पेजेस तीच ३२ जीबीची आहेत, फक्त खात्यावर तीनदा चढलीत. मर्यादा म्हणजे परवानगी, आरक्षण नव्हे. जुनं लिबव्हर्ट हा गुणाकार करत नव्हतं, त्यामुळे पहिलं कार्ड लागायचं आणि दुसऱ्याला नकार यायचा. नवं करतं. व्हीडीपीए या दुसऱ्या पद्धतीने दिलेलं प्रत्येक उपकरण मात्र आयओएमएमयू असो-नसो वेगळंच मोजायचं.

अजून एक अडचण इथेच येते. ग्राफिक्स कार्ड आणि त्याचा ऑडिओ भाग एकाच आयओएमएमयू गटात असतात. त्यांना वेगळी क्षेत्रं मिळाली की क्यूइमू ‘ग्रुप यूज्ड इन मल्टिपल अॅड्रेस स्पेसेस’ म्हणून थांबतं. मेमलॉक कितीही वाढवा, हे सुटणार नाही. दोन्ही भाग एका पीसीआयई-टू-पीसीआय ब्रिजमागे ठेवायचे, म्हणजे क्षेत्र एक होतं.

माळवा_रूट (इंदूर)
एवढी आकडेमोड कशाला? मेमट्यूनमध्ये (व्हीएमच्या व्याख्येतल्या मेमरी-मर्यादांच्या भागात) हार्ड लिमिट लिहा. लिबव्हर्ट सूत्र सोडून तोच आकडा मेमलॉकला लावतं. काम झालं.

दांडियाबाजार_केव्हीएम
दादा, हा सल्ला मात्र कृपया देऊ नका. हार्ड लिमिट दोन ठिकाणी लागते: मेमलॉकला आणि सीग्रुपलाही (प्रक्रियेच्या एकूण मेमरीवरच्या कर्नलच्या मर्यादेला). लिबव्हर्टच्या दस्तऐवजातच ती न लावण्याचा सल्ला आहे. ३२ च्या गेस्टला ३३ लिहिलंत तर गेस्टची रॅम, क्यूइमूचे थ्रेड, डिस्कचे बफर, सगळं त्या ३३ मध्ये बसवावं लागतं. पिन केलेली पेजेस परत घेता येत नाहीत, म्हणून आकडा ओलांडला की कर्नल क्यूइमूलाच मारतं, तेही ऐन लोडमध्ये. आणि ग्वाल्हेरकरांच्या उदाहरणात मेमलॉकला हवेत ९७, तर सीग्रुपला अर्थ आहे ३५-३६ ला. एका आकड्यात दोन्ही कसे बसवणार? त्यापेक्षा अनलिमिटेड बरं, निदान व्हीएम मरत नाही.

राजवाडा_टर्मिनल
इथे पूर्ण सहमत. व्याख्येतल्या मेमरी बॅकिंगमध्ये ‘लॉक्ड’ लिहून हार्ड लिमिट न दिल्यास लिबव्हर्ट स्वतःच मर्यादा काढून टाकतं, हेही ध्यानात असू द्या. बरेच जण ‘वेग वाढेल’ म्हणून ते लिहितात. पासथ्रू असताना गेस्टची रॅम तशीही पिन असते, त्या ओळीने फारसं काही मिळत नाही.

सयाजीगंज_८६ (बडोदं)
कार्डाचा बार (कार्डाची मेमरी पत्त्यांत दिसणारी खिडकी) ३२ जीबीचा असेल तर तोही बेरजेत धरायचा का? आणि ह्यूजपेजेस (मोठ्या आकाराची पेजेस) वापरले तर सूट मिळते का?

लष्कर_नोड
बार धरायचा नाही. ती उपकरणाची मेमरी आहे, कर्नल तिला रिझर्व्ह्ड समजून खात्यावर चढवतच नाही. ह्यूजपेजेसना सूट नाही, ते पूर्ण मोजले जातात.

उलट जे धरायला हवं ते लोक विसरतात. होस्टच्या साध्या रॅममधून येणारं आणि गेस्टच्या पत्त्यांत दिसणारं सगळं पिन होतं: ऑप्शन रॉम (कार्डाचं स्वतःचं फर्मवेअर), क्यूएक्सएलची (आभासी डिस्प्ले कार्डाची) व्हिडिओ मेमरी. ही मंडळी त्या १ जीबीत आरामात मावतात. आयव्हीशमेम (गेस्टला बाहेरच्यांशी वाटून दिलेली सामायिक मेमरी) मात्र मावेलच असं नाही. १२८ एमबीचा असेल तर ठीक, २ जीबीचा लावलात तर सूत्र कमी पडणार. तेवढा आकडा स्वतः वाढवा.

तपासायचं असेल तर व्हीएम चालू असताना प्रोकमधल्या स्टेटस फाइलीत ‘व्हीएमलॉक’ची ओळ वाचा आणि लिमिट्समधल्या ‘मॅक्स लॉक्ड मेमरी’शी ताडून पाहा. किती मोकळीक उरली ते तिथेच कळतं, तर्क लढवावा लागत नाही. चालू व्हीएमची मर्यादा प्रलिमिट या आज्ञेने वाढवता येते.

माळवा_रूट
हार्ड लिमिटचा मुद्दा मागे घेतो. पण सेशन मोडचं काय? तिथे लिबव्हर्ट रूट नाही, स्वतःची मर्यादा वाढवूच शकत नाही.

राजवाडा_टर्मिनल
तिथे आकडा आधीच लावून ठेवावा लागतो. लिमिट्स डॉट कॉन्फ फक्त पॅममधून (लॉगिन तपासणाऱ्या व्यवस्थेतून) येणाऱ्या लॉगिनला लागतं, सिस्टमडीच्या सेवांना नाही. क्यूइमू सेवेतून चालवत असाल तर त्या युनिटमध्येच लिमिट-मेमलॉक लिहा. रूट म्हणून चालणाऱ्या क्यूइमूला यातलं काहीच लागू नाही, त्याच्याकडे आयपीसी-लॉकचा (मर्यादेविना मेमरी लॉक करण्याचा) अधिकार असतो आणि तपासणीच टळते.

दांडियाबाजार_केव्हीएम
मग माझाही मुद्दा अर्धा ठेवतो. एकट्याच्या होस्टवर अनलिमिटेडला माझी हरकत अजूनही नाही. पण सहा जण एक मशीन वापरतात तिथे खरा हिशोब मेमलॉकचा नाहीच, बेरजेचा आहे. पासथ्रू असलेल्या गेस्टला बलून (न लागणारी रॅम होस्टला परत देणं) चालत नाही, केएसएम (सारखी पेजेस एकत्र करणारा कर्नलचा भाग) त्याची पेजेस जुळवत नाही, स्वॅप नाही. ६४ च्या होस्टवर २४-२४ चे दोन गेस्ट म्हणजे ४८ कायमचे गेले. उरलेल्या १६ मध्ये होस्ट, क्यूइमूचा वरखर्च आणि झेडएफएस (ही फाइल सिस्टम) असेल तर त्याचा एआरसी (रॅममधला कॅश). एआरसीला वरची मर्यादा लावलीच पाहिजे, नाहीतर दुसरा गेस्ट सुरू होताना रॅम शोधत बसावं लागेल.

लष्कर_नोड
बेरजेवरून एक सांगून ठेवतो. आयओएमएमयूएफडीच्या (मॅपिंग सांभाळणाऱ्या कर्नलच्या नव्या व्यवस्थेच्या) स्वतःच्या इंटरफेसवर गेलात की मोजणी बाय डिफॉल्ट प्रक्रियेमागे नाही, यूजरमागे होते. दोन्ही क्यूइमू एकाच यूजरखाली असतील आणि प्रत्येकाला २५ ची मर्यादा असेल, तर पहिला सुरू होईल, दुसरा अडेल, कारण खात्यावर २४ आधीच चढलेत. मोजणी प्रक्रियेमागे करायचा पर्याय त्यात आहे, पण तो कुठलंही ऑब्जेक्ट बनवण्याआधी आणि विशेष अधिकार असेल तरच लावता येतो. नाहीतर प्रत्येक व्हीएमला वेगळा यूजर द्या, किंवा मर्यादा दोघांच्या बेरजेची ठेवा: ४८ अधिक मोकळीक.